कागदावरचा जमील

"आजोबा, तुमची फाइल मागवली मी!"

लमीस जिना चढून वर आली ती हेच ओरडत. शुक्रवारची नमाज आटोपून मुकबिल नुकताच घरी पोचला होता. मिस्काने त्याच्यापुढे किशरचा कप ठेवला होता, कॉफीच्या टरफलांचा, आलं जरा जास्तच पडलेला.

"कसली फाइल?" त्याने विचारलं.

"सरकारकडची. तुम्ही अमेरिकेत कधी आलात, कुठून आलात, कुणाबरोबर आलात, सगळं असतं त्यात. कॉलेजात आम्हाला आपापल्या पूर्वजांचा माग काढायचाय. जुने आल्या-गेल्याचे कागद धुंडाळायचे. बाकीच्या मुली पार पोलंडच्या चर्चपर्यंत पोचल्या, मी काय माशा मारत बसू?"

"पण त्याला माझी सही नाही लागत?"

"केलीत की तुम्ही! मागच्या आठवड्यात. मी म्हटलं कॉलेजचा कागद आहे, तुम्ही न वाचताच केलीत."

ही त्याची जुनी खोड. इंग्रजी कागद पुढे आला की सही ठोकायची आणि मोकळं व्हायचं. बोलायला इंग्रजी फाडफाड येत होतं, वाचायचा मात्र कंटाळा. एकोणपन्नास वर्षांत या खोडीने त्याचं काही वाकडं केलं नव्हतं, म्हणून ती सुटली नव्हती.

"आणि बरं का," लमीस आजीच्या ताटातल्या मलावाच्या रोटीचा तुकडा मोडत म्हणाली, "त्यात एक रकाना होता. याखेरीज आणखी कोणत्या नावाने ओळखले जाता? तिथे मी तुमचं घरचं नाव टाकलं. मुकबिल मुहसिन. म्हटलं, अर्धवट कशाला भरायचं?"

मुकबिलच्या हातातला कप तसाच राहिला. मिस्काने पोरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि ती मटकन खुर्चीत बसली.

"काय केलंस गं बाई," ती म्हणाली. "काय करून बसलीस तू हे!"

आता बफेलोजवळच्या लॅकवॉनाच्या फर्स्ट वॉर्डात कुणालाही विचारा, दुसरं नाव असणं म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. रेल्वेच्या पुलाच्या अलीकडे, जुन्या पोलाद कारखान्याच्या कुशीत जी येमेनी घरं आहेत, त्यांतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना दोन दोन नावं. एक गावाकडून आणलेलं, दुसरं पासपोर्टावरचं. मशिदीत एक, बँकेत दुसरं. कुणी मेलं की थडग्यावर कोणतं कोरायचं यावरून भावाभावांत जुंपते. पण ही गोष्ट पुलाच्या अलीकडची. पूल ओलांडून पलीकडे ती कुणी न्यायची नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि नेली कुणी, तर कॉलेजात शिकणाऱ्या या हुशार पोरीने. सरकारी अर्जात, स्वच्छ अक्षरात!

मुकबिलचं पासपोर्टावरचं नाव जमील. जमील गालिब साबित. हा जमील खरोखर होऊन गेलेला पोरगा होता. येमेनमधल्या इब्बच्या डोंगरातल्या त्यांच्याच गावचा, वरच्या अंगाला राहणाऱ्या गालिबचा थोरला. गालिब इथे कारखान्यात कामाला होता. त्याने कागदोपत्री आपल्या मुलांची नावं लिहून दिली, त्यात जमील होता. पुढे तीन वर्षांचा असताना पोर तापाने गेलं. गालिबने ते कुणाला कळवलं नाही. कागदावर पोर वाढतच राहिलं. १९७४ साली ते पंधरा वर्षांचं झालं, आणि गालिब गावी येऊन मुकबिलच्या बापाला म्हणाला, "मुहसिन, माझ्याकडे एक जागा रिकामी आहे. तुझा पोरगा दे."

मुकबिल तेव्हा बारा वर्षांचा. त्या सकाळी बापाने त्याला गालिबच्या हाती दिलं. निघताना पोरगं सारखं मागे वळून दाराकडे पाहत होतं. आई बाहेर आली नाही. हाक नाही, निरोप नाही, काही नाही. तो विमानात बसला, इथे उतरला, बर्फ पाहिलं, जमील झाला. कागदावर तीन वर्षं जास्त होती म्हणून पंधराव्या वर्षीच भट्टीवर लागला. कारखाना बंद पडल्यावर सरोवरातल्या बोटींवर दोर ओढले. तीन वर्षं आधी पेन्शनही मिळाली, ते त्या मेलेल्या पोराचे उपकार, असं तो हसून सांगायचा. पण दाराचं काही तो कुणाला सांगायचा नाही. आई १९७९ साली वारली. हा लग्नासाठी पहिल्यांदा गावी गेला तो त्याच्या पुढच्या वर्षी. तिने मला देऊन टाकलं आणि दारापर्यंतही आली नाही, हे तो मनाशी धरून बसला होता.

या नावावर काय काय टांगलं होतं, तेही ऐकून ठेवा. जमील अमेरिकेचा नागरिक, म्हणून त्याची बायको मिस्का नागरिक. म्हणून गावी जन्मलेला थोरला मुलगा अब्दुलवली, लमीसचा बाप, तोही नागरिक. अब्दुलवली आज शाळेची बस चालवतो, त्याच्या घरावर कर्ज आहे, चार मुलं आहेत. खुंटीच खोटी निघाली तर तिघंही खाली. आणि जायचं कुठे? तिकडे लढाई.

त्याच संध्याकाळी फदल आला. फदल हा गालिबचा खरा मुलगा, म्हणजे मुकबिलचा कागदावरचा भाऊ. दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान. सोबत शायफ होता. शायफ सगळ्या वॉर्डाचे अर्ज भरतो, पत्रं वाचून दाखवतो, वकील नाही पण वकिलाला कोळून प्यालेला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते," फदल दारातच सुरू झाला, "आणि तुझी नात ती चौकात उघडून आली! माझ्या बापाचं नाव आहे त्या फाइलीत. त्याने तुला आणलं, तुझ्यासारखे आणखी दोघे आणले. एक धागा ओढला की सगळी गोधडी उसवेल. आहेस कुठे तू?"

"ओरडू नकोस, फदल. पोरगी आत आहे."

"ऐकू दे की! तिच्यासाठीच ओरडतोय."

लमीस आतून आली. तिचे डोळे सुजले होते. "मला कुणी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं, घरचं लाडाचं नाव असतं तसं."

"लाडाचं! लाडाच्या नावात बाप बदलतो होय गं?" फदल म्हणाला. मग त्यालाच वाईट वाटलं आणि त्याने तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

शायफने चष्मा पुसला. "अर्ज मागे घेता येईल, पण मागे घेतला की जास्त डोळ्यांवर येतं. वकील केला की वाटतं पाणी मुरतंय. गप्प राहा. बहुतेक जाड पाकीट येईल घरी, बाकी काही नाही."

"आणि बोलावलंच तर?"

"तर मी सांगतो तेच बोलायचं. मुकबिल मुहसिन हा तुझ्या गावचा मुलगा. तुझा जिवलग. लहानपणीच वारला. त्याच्या आठवणीत गाववाले लाडाने तुला त्याच्या नावाने हाक मारतात. पोरीने ते ऐकलं आणि भाबडेपणाने लिहिलं. बस्स."

"म्हणजे मी मेलो म्हणून सांगू?"

"जमील मेलाय हे सांगण्यापेक्षा ते बरं," शायफ म्हणाला.



पुढचे दोन महिने कसे गेले ते मुकबिललाच ठाऊक. खाली गाडीचं दार वाजलं की तो उठून दिवा मालवायचा. पोस्टमन यायच्या वेळेला तो खिडकीच्या पडद्याआड उभा राहायचा, आणि पोस्टमन पुढे गेला की घाम पुसून असीदचा, पिठाच्या उकडीचा, घास तोंडात घालायचा. तो घास गिळवत नसे. मशिदीत कुणी मागून "मुकबिल!" म्हणून हाक मारली की तो दचकून इकडेतिकडे पाही. शेवटी त्याने मित्रांना सांगितलं, मला जमील म्हणा. ते हसले. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसायचे थांबले, आणि एकेक जण आपापल्या घरी जाऊन आपापले कागद तपासू लागला. भीतीला पाय असतात. वॉर्डात त्या महिन्यात लोक एकमेकांच्या डोळ्यांत बघायचे बंद झाले.

मिस्काने एक बॅग भरून कपाटामागे ठेवली. गरम कपडे, औषधं, मुलांचे फोटो.

"कुठे जायचंय?" मुकबिलने विचारलं.

"मला काय माहीत? बॅग भरली की हाताला जरा काम मिळतं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं जमीलची बायको म्हणून सही करतेय. खोट्या नवऱ्याबरोबर खरा संसार केला मी. आता कुणी येऊन म्हणेल, तुझं लग्नच झालेलं नाही!"

नोव्हेंबरच्या शेवटी पाकीट आलं. जाड नव्हतं. एकच कागद होता. शायफने तो दोनदा वाचला. जमील गालिब साबित यांनी बफेलोच्या कचेरीत अमुक दिवशी सकाळी दहा वाजता हजर राहावं. त्यांच्या फाइलीतल्या एका कागदाबद्दल आणि त्यांच्या अर्जातल्या एका नावाबद्दल विचारायचं आहे.

"एका कागदाबद्दल?" मुकबिल म्हणाला. "कोणता कागद?"

शायफला माहीत नव्हतं. आजवर ज्याला वॉर्डातला प्रत्येक कागद माहीत होता, त्याला माहीत नव्हतं, हे पाहून मुकबिलची पाचावर धारण बसली.

"दुभाषा माग," शायफ एवढंच म्हणाला. "इंग्रजी येतं तरी माग. प्रश्न दोनदा ऐकू येतो, तेवढ्यात उत्तर जुळवता येतं."

त्या दिवशी लमीसने गाडी चालवली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग होते. ती सारखी म्हणत होती, "मला माफ करा, आजोबा," आणि तो सारखा म्हणत होता, "समोर बघ, समोर बघ." कचेरीत तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. आत एक टेबल, ऑफिसरबाई आणि दुभाषा. बाई तिशीच्या, सर्दीने बेजार, समोर रुमालांचं खोकं. दुभाषा म्हातारा इराकी, गळ्यात लोकरीचा मफलर. दोघंही सभ्य. मुकबिलला वाटलं, निदान दरडावणारे तरी हवे होते. सभ्य माणसापुढे खोटं बोलायला जास्त भीती वाटते.

बाईंनी त्याला उजवा हात वर करायला लावला. खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही. हात वर गेला. वरच्याला काय सांगायचं ते नंतर पाहू, आधी मिस्का, आधी अब्दुलवली, असं त्याने मनाशी म्हटलं.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "तुमच्या नातीने फाइल मागितली. पानं काढताना आमच्या माणसाला त्यात एक अरबी पत्र सापडलं. १९७५ सालचं. येमेनमधल्या, सना शहरातल्या आमच्या वकिलातीमार्फत इकडे आलेलं. त्या वेळी इथे अरबी वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून ते भाषांतर न करताच फाइलीत लावून ठेवलं होतं. सोबत गालिब साबितच्या इथल्या पत्त्याचं पाकीट होतं, म्हणून ते तुमच्या फाइलीत आलं. अठ्ठेचाळीस वर्षं ते कुणी वाचलंच नाही. आता आम्ही वाचलं."

दुभाष्याने हे सगळं अरबीत सांगितलं. मुकबिलला दोनदा ऐकू आलं, आणि दोन्ही वेळा काही जुळवता आलं नाही.

"ते तुम्हाला वाचून दाखवायला सांगते. मग मी विचारेन."

दुभाष्याने कागद डोळ्यांजवळ धरला. पिवळा पडलेला, घड्यांवर चिरलेला. खाली निळ्या शाईत एक अंगठा होता, मुकबिलला तो टेबलापलीकडून दिसला. दुभाषा शहरी, सपाट आवाजात वाचू लागला.

"अमेरिकेच्या हाकिमाला सलाम. मी गुसुन, मुहसिन अलीची बायको. मला लिहिता येत नाही. इब्बच्या कोर्टासमोर झाडाखाली बसणाऱ्या लेखनिकाकडून लिहून घेतेय. मी बोलते तसंच लिही, असं त्याला सांगितलंय."

मुकबिलने दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"गालिब साबितने तुमच्या मुलखात एक पोरगा आणलाय. जमील म्हणून. तो जमील नाही. गालिबचा जमील तीन वर्षांचा होऊन गेला. त्याला शेवटची अंघोळ मीच घातली, त्याच्या आईच्याने बघवत नव्हतं. तुमच्याकडे आहे तो माझा मुकबिल आहे, मुहसिनचा मुलगा, बारा वर्षांचा. मला म्हणाले, ताइझला शाळेत घालतोय, जुम्म्यापर्यंत परत येईल. त्या सकाळी मी झऱ्यावर पाण्याला गेले होते. पाणी घेऊन आले तर पोरगा गेलेला. मला वाटलं, जुम्म्याला येईल. मी भाकरी करून ठेवली. चार जुम्मे भाकरी केली. मग गालिबच्या बायकोने तोंड उघडलं."

दुभाषा झऱ्याच्या नावापाशी अडखळला. चुकीचं वाचलं. मुकबिलचे ओठ हलले, बरोबर नाव जिभेवर आलं, ते त्याने दातांखाली चावलं. ती झऱ्यावर होती. घरात नव्हती. तो दाराकडे पाहत होता तेव्हा दाराआड कुणी नव्हतंच. अठ्ठेचाळीस वर्षं, आणि आता, या खोलीत, या बाईंसमोर!

"हाकिमसाहेब, मी गालिबला शिक्षा करा म्हणत नाही. माझं पोर तेवढं परत पाठवा. ओळख पटत नसेल तर त्याच्या डाव्या पोटरीवर भाजल्याचा डाग आहे, तंदुरावर पडला होता तो दोन वर्षांचा असताना. मी धावत गेले पण उशीर झाला. त्याला थंडी सोसत नाही. त्याला सांगा, आई दारातच आहे. माझा अंगठा."

दुभाष्याने कागद खाली ठेवला आणि चष्मा काढला. पँटच्या आत, मोज्याच्या वर, मुकबिलची डावी पोटरी आत्ताच भाजल्यासारखी चरचरत होती. मोजा खाली घसरलाय का? खुर्चीत बसल्यामुळे पँट वर गेलीय का? खाली बघायची सोय नव्हती. खाली बघितलं की संपलं.

"या बाईंना तुम्ही ओळखता?" ऑफिसरबाईंनी विचारलं.

इंग्रजीत ऐकू आलं. मग अरबीत. शायफ म्हणाला होता तसा मध्ये वेळ मिळाला. त्या वेळात त्याला आईचे हात दिसले, पिठाचे. आणि कपाटामागची बॅग दिसली. आणि बसच्या स्टिअरिंगमागचा अब्दुलवली दिसला, ज्याने कुणाचंच काही बिघडवलं नव्हतं.

"गावातली होती," तो म्हणाला. "तोंडओळख होती."

"आणि मुकबिल मुहसिन? तुमच्या नातीने तेच नाव लिहिलंय."

"माझा मित्र होता. एकत्र खेळायचो. तो मेला. लहानपणीच. ताइझला जाताना वाटेत, तापाने. त्याच्या आठवणीत गाववाले मला त्याच्या नावाने हाक मारतात. नात भाबडी आहे."

"पण ही बाई तर म्हणते, जमील मेला आणि मुकबिल जिवंत आहे."

हे शायफने शिकवलं नव्हतं. हे त्याला स्वतःच बोलावं लागणार होतं. भीती माणसाकडून काय काय बोलवून घेते ते त्याने स्वतःच्याच कानांनी ऐकलं.

"पोरगा गेल्यावर तिचं डोकं फिरलं होतं," तो म्हणाला. "बिचारी म्हणायची, माझा नाही, दुसऱ्याचा मेला. ज्याला त्याला तेच सांगत सुटायची. गावात कुणी मनावर घेत नसत."

दुभाष्याने हे इंग्रजीत सांगितलं. सांगताना त्याने एकदा मुकबिलकडे पाहिलं आणि नजर मफलरात घातली. त्याला कळलं असेल का? कळलं असलं तरी तो एक शब्द जास्त बोलला नाही.

"तुमच्या डाव्या पायावर असा डाग आहे?"

"नाही."

ऑफिसरबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मुकबिलला वाटलं, आता म्हणतील, पँट वर करा. त्याने मनातल्या मनात कलमा म्हणायला सुरुवात केली आणि तो मध्येच विसरला. बाईंनी नाक पुसलं. त्यांच्या टेबलावर अशा फाइलींचा ढीग होता, आणि बाहेर बाकांवर माणसं खोळंबली होती.

"अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं पत्र," त्या म्हणाल्या. "वेड्या झालेल्या आईचं. यावर मी काही उभं करू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर करावंसंही वाटत नाही." त्यांनी एक कागद भरला आणि पुढे सरकवला. वर उल्लेख केलेल्या गुसुन नावाच्या स्त्रीशी आणि तिच्या मुलाशी माझं कोणतंही नातं नाही. "इथे सही करा. मग प्रकरण बंद."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने कागद शेवटपर्यंत वाचला. मग सही केली. जमील गालिब साबित.

"झालं," बाई म्हणाल्या. "पत्र चुकीच्या फाइलीत लागलं होतं, ते मी काढून घेते. तुमची बाकीची पानं नातीला पोस्टाने येतील."

सुटलो. तिघंही सुटलो. मुकबिल उठला, दारापर्यंत गेला. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो थांबला. मग परत फिरला. असं करू नये हे त्याला कळत होतं.

"बाई," तो थेट इंग्रजीतच बोलला, "ते पत्र... त्याची एक प्रत मिळेल मला?"

बाईंनी वर पाहिलं. "तुम्हाला? कशाला?"

"असंच. गावची आठवण."

"माफ करा," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "खासगी पत्र आहे. आमचा नियम आहे. ते फक्त त्या बाईंच्या रक्ताच्या नातेवाइकाला देता येतं. तसं कुणी असेल तुमच्या माहितीत, तर त्याला अर्ज करायला सांगा."

मुकबिल टेबलाशी उभा होता. पत्र हातभर अंतरावर होतं. निळा अंगठा वरच्या बाजूला होता. नुसता हात पुढे केला असता तर बोट टेकवता आलं असतं.

"तिचं कुणी नाही," तो म्हणाला.

दुभाष्याने उठून त्याच्यासाठी दार उघडलं, आणि अगदी हळू, अरबीत म्हणाला, "अल्ला तुम्हाला सबुरी देवो, काका." ऑफिसरबाईंनी पत्र दुसऱ्या फोल्डरमध्ये घातलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर लमीस बाकावरून ताडकन उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काय झालं? आजोबा, काय झालं? धरणार आहेत का आपल्याला?"

"नाही. मिटलं. आजीला फोन कर, तिला म्हणावं बॅग रिकामी कर."

"खरंच?" लमीस रडायला आणि हसायला एकदमच लागली. तिने त्याला मिठी मारली. "अल्हम्दुलिल्लाह! मला वाटलं, माझ्यामुळे सगळं गेलं. मग कागद कसला होता तो?"

तो त्या लाकडी बाकावर बसला. शेजारी एक बाई लेकराला मांडीवर घेऊन आपल्या नंबराची वाट पाहत होती. तिने सरकून त्याला जागा दिली. त्याने लमीसचा हात घट्ट धरला, आणि मग त्याला रडू आवरेना. साठी उलटलेला माणूस, भट्टीवर काम केलेला, सरोवराच्या वादळात दोर ओढलेला, चारचौघांत हमसून हमसून रडला.

"आजोबा, बोला ना. काय होतं त्यात?"

"माझी आई होती गं," तो म्हणाला. "मला परत न्यायला इथवर आली होती. मी तिला सांगितलं, तुझा पोरगा मेला."